यकृतातला ताबा

जमीन मोजणी कार्यालयातील एका मोजणीदाराच्या यकृतात पाण्याने भरलेली सतरा सेंटिमीटर व्यासाची गाठ निघाली. यकृताची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार उजव्या खांद्याची होती. शिवाय चार घासांत पोट भरे, आणि रोज दुपारी उचकी लागे, ती कार्यालय सुटल्यावरच थांबे.

सात महिने त्याने खांदा शेकला, तीन उशा बदलल्या आणि भेटेल त्याचा सल्ला ऐकला. शेवटी सोनोग्राफीत गाठ दिसली.

"गाठ वर श्वासपटलाला ढकलतेय," सर्जनबाईंनी कागदावर रेघ ओढून दाखवली. "त्या पडद्याची नस मानेतून येते. खांद्याच्या कातडीची नसही तिथलीच. त्यामुळे ओरडतो पडदा आणि मेंदूला वाटतं, खांदा ओरडला. दुर्बिणीने गाठीचं छत कापू, पाणी काढू. पुढच्या गुरुवारी या. ही तारीख हुकली तर पुढची तीन महिन्यांनी, आणि तोवर गाठ काही गप्प बसणार नाही."

रजा हवी होती. त्या कार्यालयात आजारपणाच्या रजेचा अर्ज छाननी समितीपुढे जात असे. समितीत बडे साहेब, भांडारप्रमुख आणि वाहनप्रमुख होते. डॉक्टर नव्हता, कारण डॉक्टर आजाऱ्याच्या बाजूने झुकतो असा पूर्वानुभव होता.

रजा कारकुनाने अर्ज वाचला. "आजारी अवयव, यकृत. दुखण्याचं ठिकाण, खांदा. अहो, एक काय ते ठरवा."

"दोन्ही खरं आहे."

"दोन्ही खरं असेल तर अर्जही दोन लागतील."

"आजार एकच आहे हो! नस मानेतून, हिक्, येते."

"मग मानेचं ना-हरकत पत्र जोडा."

वाद समितीपुढे गेला. कागदांवरून संबंध स्पष्ट होत नसल्याने समितीने तिला येत असलेली एकमेव गोष्ट करायचं ठरवलं: मोजणी. बैठकीच्या टेबलावरचे चहाचे कप उचलून अर्जदारास उत्तर-दक्षिण झोपवण्यात आलं. वाहनप्रमुखांनी पोटावर टेप धरली, भांडारप्रमुखांनी सोनोग्राफीचा कागद उजेडात धरला आणि पंचनामा झाला. गाठीची चतुःसीमा येणेप्रमाणे: उत्तरेस श्वासपटल, दक्षिणेस मोठं आतडं, पूर्वेस जठर, पश्चिमेस बरगड्या.

"जागा कोणाची?" बड्या साहेबांनी विचारलं.

"यकृताची."

"ताबा कोणाचा?"

"गाठीचा."

"मग हे अतिक्रमण झालं. रजेचं नंतर बघू, आधी नोटीस काढा."

नोटीस गाठीला बजावायची असल्याने ती मोजणीदाराच्या शर्टावर, उजव्या बरगड्यांखाली चिकटवण्यात आली. नेमकी तेव्हाच त्याला उचकी लागली. 'पोचली,' अशी कारकुनाने नोंद केली.

सोमवारी सुनावणी झाली. गाठ किती जुनी, हा मुद्दा निघाला. सर्जनबाईंचं पत्र होतं: बहुधा जन्मापासूनची, हळूहळू वाढलेली.

वाहनप्रमुखांनी चष्मा काढला. "जन्मापासून? म्हणजे त्रेचाळीस वर्षांचा ताबा. आणि आपण एकदाही हरकत घेतली नाहीत?"

"मला माहीतच नव्हतं!"

"हे तुम्ही आपण होऊन सांगितलंत, बरं का," साहेब म्हणाले. "लिहून घ्या हो."

निकाल लागला. ताबा जुना, शांततामय व अखंड असल्याने तो नियमित करण्यात येत आहे. गाठीला तिच्या संमतीवाचून हलवू नये. जनतेच्या हरकतींसाठी निकाल फाटकाबाहेरच्या फलकावर तीस दिवस लावावा. एक जरी हरकत आली, तरी निकाल रद्द समजावा. तोवर रजेचा अर्ज स्थगित.

मोजणीदाराने घरी येऊन हे सगळं सांगितलं; कार्यालयाचं नाव निघताच उचकी घरीही लागली. बायको शाळेत गणित शिकवत असे. चुकीच्या रीतीने काढलेलं उत्तर ती शेवटपर्यंत ऐकून घेई.

"अहो, हीच गाठ तुमच्या साहेबांच्या पोटात असती तर?"

"तर तिला, हिक्, शिपाई मिळाला असता."

"गुरुवारी चला. रजा नाही तर नाही."

"नोकरी जाईल."

"आधी उचकी जाऊ द्या."

गुरुवारी गाठीतून अडीच लिटर पाणी निघालं. शनिवारी तो डाव्या हाताचा आधार न घेता केस विंचरू शकला. पुढच्या आठवड्यात पोटभर जेवला आणि ताट रिकामं झालेलं बघून बायकोने आणखी एक पोळी वाढली.

मग कार्यालयाचं पत्र आलं. विनापरवानगी गैरहजेरी, आणि नियमित ताबेदारास परस्पर निष्कासित करणे. दोन्ही आरोप मिळून शिक्षा एकच, बडतर्फी. सुटका फक्त हरकतीने: निकाल रद्द झाला, तर दोन्ही आरोपही रद्द. घरच्यांची हरकत चालत नाही, कारण त्यांचा संबंध आहे. सहकाऱ्यांची चालते, पण त्यांना बदलीची भीती आहे. म्हणजे राहिली जनता.

आज एकोणतिसावा दिवस आहे. फलकाखाली हरकतींची वही ठेवली आहे, दोरीने बांधलेलं पेनही आहे. येणारे-जाणारे थांबून वाचतात. दोघांनी वहीत उशी बदलण्याचा सल्ला लिहिला आहे. त्याला हरकत म्हणता येत नाही.

परवा तुम्हीही थांबला होतात. 'उत्तरेस श्वासपटल' वाचून खुदकन हसलात, मोबाइलवर फोटो काढलात, चौघांना पाठवलात. मग पेन उचललंत. मोजणीदार समोरच्या फुटपाथवरून बघत होता. त्याने श्वास रोखून धरला. तुम्ही पेनच्या टोपणाने कान खाजवलात, पेन जागेवर ठेवलंत आणि पुढे निघालात.