फेइभाऊंचं तंगडं

मला या घरातून हलवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! आता जो जन्माला आलाय तो माझाच मुलगा निघाला, याला मी काय करू?

यूलिनने शहराबाहेर अठराव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. दर रविवारी येतो आणि सुरू होतो. "आई, तिथे लिफ्ट आहे. भिंतींना ओल नाही. कालव्याचा वास नाही."

"मग तिथे आहे तरी काय?" मी विचारते.

आमच्या मागच्या खोलीला एक गोल खिडकी आहे. तिच्यातून शेजारच्या फेइभाऊंचं पीचचं झाड दिसतं, कालव्यावर ओणवलेलं, आणि त्याच्या मागे पॅगोडा. झाड फेइभाऊंचं, पॅगोडा सरकारचा, पण देखावा माझा! आमच्या सूचौ शहरात असंच चालतं. इथल्या बड्या बागवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काय केलं? भिंतीला भोक पाडलं आणि शेजाऱ्याचा डोंगर आपल्या बागेत ओढून घेतला. त्यात शेजाऱ्याला विचारायची पद्धत नाही.

त्या दिवशी यूलिन फारच मागे लागला, तेव्हा मी पैज लावली. "तुझी आत्या हार्बिनहून येतेय ना? ती याच घरात जन्मली. या खिडकीतून बघून तिने 'वा!' म्हटलं नाही, तर मी दुसऱ्या दिवशी सामान बांधते. म्हटलं, तर फ्लॅटचा विषय कायमचा बंद!"

"कबूल!" तो एवढ्या झटकन म्हणाला की माझ्या लक्षात यायला हवं होतं. वानझूवन्संनी उभ्या आयुष्यात कशालाही 'वा' म्हटलेलं नाही. माझ्या लग्नात मला नखशिखांत न्याहाळून त्या म्हणाल्या होत्या, "चालेल."

पण एकदा शब्द गेला तो गेला. मी खिडकी पुसली. डोंगरावरून पहिल्या खुडीचा हिरवा चहा मागवला. पीच फुलू लागला होता. सगळं कसं जमून आलं होतं! आणि बुधवारी सकाळी पडदा सारते तर काय? फुलांच्या बरोबर मधोमध, पॅगोड्याच्या पोटावर, डुकराचं एक खारवलेलं तंगडं लोंबतंय!

मी खिडकीतूनच हाक मारली. "फेइभाऊ! हे काय?"

"तंगडं." फेइभाऊ खाली अंगणात दात घासत होते.

"ते दिसतंय मला! इथे कशाला?"

"पाण्यावरचा वारा लागतो. छान वाळतं."

"माझ्या देखाव्यात आलंय ते! काढा आधी."

त्यांनी चूळ भरली. सावकाश. "वहिनी, झाड माझं, फांदी माझी, तंगडं माझं. तुमचं काय आहे इथे?"

"नजर!"

"मग ती तिकडे फिरवा."

असं! मी त्यांना बागांचा सगळा इतिहास ऐकवला, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. त्याचा परिणाम लगेच दिसला. गुरुवारी तंगड्याच्या शेजारी दोन खारे मासे आले. शुक्रवारी लोकरीची लांब विजार आली, गुडघ्याला ठिगळ लावलेली.

"अहो, तुम्ही काही बोलणार आहात का?" मी आमच्या ह्यांना विचारलं.

"चहा झालाय का?" हे म्हणाले.

म्हणजे सगळं मलाच करायचं! रविवारी वन्सं येणार होत्या. टॅक्सी नको म्हणाल्या होत्या. "माहेरी पाण्यावरूनच यायचं असतं," असं त्यांनी फोनवर मला बजावलं होतं. रविवार उजाडला. त्यांना यायला अजून वेळ होता. फेइभाऊ भाजी आणायला गेलेले दिसले. मी कपडे वाळत घालायचा लांब बांबू घेतला आणि खिडकीतून बाहेर काढला. मला काही चोरायचं नव्हतं हो! नुसतं सगळं फांदीवरून थोडं बाजूला सरकवायचं होतं, चौकटीबाहेर.

विजार सरकली. मासे सरकले. तंगडं मात्र धन्यासारखंच हट्टी. मी बांबू रेटला. ते हललं. मी आणखी रेटला. दोरी सुटली!

ते नुसतं कालव्यात पडलं असतं, तर मी कानावर हात ठेवले असते. पण खाली नेमकी पर्यटकांची बोट आली होती. नावाडीण डोळे मिटून वसंताचं गाणं म्हणत होती. "धप्प!" असा आवाज झाला आणि गाणं थांबलं. मग बोटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! फोटो काढले! टोपीवाला एक गृहस्थ नावाडणीला विचारत होता, "हे तिकिटातच आहे का? सगळ्यांना मिळतं?"

आणि बोटीच्या टोकाला, नव्याकोऱ्या कोटात, मांडीवर तंगडं घेऊन ताठ बसल्या होत्या आमच्या वन्सं.

त्यांनी वर पाहिलं. माझ्या हातात बांबू तसाच.

"सूयुन," त्या म्हणाल्या, "पाहुण्याला आधी चहा विचारतात."

तेवढ्यात पालेभाजीची जुडी हलवत फेइभाऊ पुलावर हजर! "पाहिलंत ना? सगळ्यांनी पाहिलंत! चला आता चहाला!"

हे आमंत्रण नव्हतं, आव्हान होतं. आमच्या गल्लीत भांडण पोलिसांकडे जात नाही, चहाच्या दुकानात जातं. दोघांनी आपापली बाजू मांडायची, बसलेल्या मंडळींनी ऐकायचं, वडीलधाऱ्याने निकाल द्यायचा आणि हरणाऱ्याने अख्ख्या दुकानाचा चहा पाजायचा. हा रिवाज म्हाताऱ्यांबरोबर संपत आलाय म्हणतात, पण आमच्याकडे उरलेत ते सगळे म्हातारेच.

"चला!" मी म्हटलं. "कोण घाबरतंय?"

दुसऱ्याच्या पैशांचा चहा म्हटल्यावर गल्ली लोटली! एरवी चहापत्तीच्या एका चिमटीवर दुपारपर्यंत पाणी ओतून घेणारे लोक सगळ्यात महागडा चहा मागू लागले. तिळाच्या वड्या आल्या, कलिंगडाच्या बिया आल्या. वयाने सगळ्यात मोठ्या वन्संच निघाल्या, म्हणून निकाल त्यांच्याकडे गेला. त्यांनी तंगडं टेबलावर ठेवलं.

"वानझूताई, माझं तंगडं पाडलं!" फेइभाऊ म्हणाले.

"माझा देखावा नासवला!" मी म्हटलं.

"देखावा शिजवून खाता येतो का?"

"तुमच्या विजारीचा तर नाहीच येत!"

दुकान खदखदलं. वन्सं मात्र हसल्या नाहीत. "खिडकी बघितल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही," म्हणाल्या आणि उठल्या. त्या उठल्या म्हणून सगळे उठले. हातात वाफाळते पेले घेऊन ती वरात माझ्या घरात शिरली, चपलांसकट! जिन्यात माणसं, पलंगावर माणसं. यूलिन आधीच येऊन बसला होता.

वन्सं खिडकीशी उभ्या राहिल्या. खिडकीत आता फक्त फुलं होती आणि पॅगोडा. मला हवा होता अगदी तस्सा देखावा!

"झाड वाढलंय," वन्सं म्हणाल्या.

मी वाट बघितली.

"पॅगोड्याला रंग दिलाय वाटतं."

संपलं! यूलिनने हळूच मोबाइल काढला आणि सामान हलवणाऱ्याचा नंबर शोधायला लागला. मी खिडकीची चौकट घट्ट धरली. हसू नका. लग्न होऊन आले तेव्हापासून माझी प्रत्येक सकाळ या खिडकीत उजाडली आहे. सासूबाई गेल्या तेव्हा मी इथेच बसून रडले, यूलिनला मांडीवर घेऊन इथेच भरवलं. अठराव्या मजल्यावरून मला काय दिसणार होतं? समोरचा अठरावा मजला!

आणि तेवढ्यात खाली कोण दिसावं? फेइभाऊ! निकालाची वाट न बघता स्टुलावर चढून तंगडं पुन्हा फांदीला बांधत होते. त्याच जागी, पॅगोड्याच्या पोटावर! मी ओरडायला तोंड उघडलं.

"वा!"

हे मी म्हटलं नव्हतं.

"वा!" वन्सं पुन्हा म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "इथेच! याच फांदीवर फेइची आई टांगायची. आमची आई इथून बघायची आणि म्हणायची, आता बांबूचे कोंब आले की ही त्यांत तंगडं शिजवून आपल्याला वाटीभर पाठवेल. हार्बिनच्या बर्फात मला काय आठवायचं म्हणतेस? फुलं? हे तंगडं आठवायचं गं!"

यूलिनने मोबाइल खिशात घातला. खिडकी वाचली! घर वाचलं! मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा जिन्याच्या पायऱ्या मोजू लागला.

निकाल मात्र माझ्या विरुद्ध गेला. सगळ्यांचा चहा माझ्या माथी. वर समेटाचा पेला: दोघांचे चहा एकात ओतायचे आणि अर्धा अर्धा प्यायचा. माझा पहिल्या खुडीचा कोवळा चहा! त्याला चटका बसू नये म्हणून मी आधी पाणी निववते आणि मग त्यावर पानं सोडते. त्यात फेइभाऊंचा तो काळाकुट्ट काढा! त्यापेक्षा अर्धं घर मागितलं असतं तरी दिलं असतं. प्यायले. डोळे मिटून, पण मान ताठ ठेवून.

रात्रीच्या जेवणाला वन्संनी जाहीर केलं, "मी आता हार्बिनला जात नाही. इथेच राहते. मागच्या खोलीत."

आमचे हे म्हणाले, "छान." यूलिन नुसता हसला. कार्टं!

तेव्हापासून गोल खिडकीत वन्संची खुर्ची असते आणि सकाळचा पहिला चहा वन्संचा असतो. मी काही हार मानलेली नाही. माझा पेला घेऊन मी सरळ फेइभाऊंच्या अंगणात जाते आणि पीचखाली बसते. जवळून फुलं जास्तच चांगली दिसतात! फेइभाऊ कुरकुरतात, पण किटलीत गरम पाणी ठेवतात.

काल सकाळी अशीच बसले होते, तर वरून खिडकीतून आवाज आला.

"सूयुन! जरा बाजूला हो गं, मध्ये येतेस! तंगडं दिसत नाही मला!"

नाही झाले. उलट स्टूल आणखी मध्ये ओढलं.