किचन फॉल्ट

सोमवारी सकाळी दवाखान्याचं शटर वर करता करता दाताच्या डॉक्टरांनी ठरवलं, की आज एकाही पेशंटशी पिकलबॉलवर बोलायचं नाही. ठरवलं म्हणजे काय, घरून निघताना बायकोने दारात अडवून ठरवून घेतलं. मागच्या वेळी टीम हरली तेव्हा दोन पेशंट अर्धवट कोरलेली दाढ तशीच घेऊन उठून गेले होते आणि त्यातला एक तिच्या शाळेचा मुख्याध्यापक होता. (ती त्या शाळेत गणित शिकवायची. त्यानंतर तिच्या वाट्याला सगळे शेवटचे तास आले.) डॉक्टर "बरं" म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

पण आदल्या संध्याकाळी जे घडलं होतं, ते गिळून गप्प बसणं कुठल्याही सज्जन माणसाला जमणार नाही असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

पिकलबॉल हा टेनिसचा सख्खा आणि टेबल टेनिसचा चुलत भाऊ. कोर्ट छोटं, बॉल प्लॅस्टिकचा, भोकाभोकांचा, आणि हातात फळीसारखं पॅडल. जाळीच्या दोन्ही अंगांना एक पट्टा आखलेला असतो, त्याला किचन म्हणतात. का म्हणतात ते कुणी विचारू नये. डॉक्टरांच्या आईने एकदा विचारलं होतं आणि त्या दिवशी घरात पानं वाढायला फार उशीर झाला. नियम एवढाच, की हवेतला बॉल मारताना पाय किचनमध्ये किंवा त्याच्या रेषेवर नको. मारून झाल्यावर तोल जाऊन पाय पडला, तरी फॉल्ट.

आणि आदल्या संध्याकाळी शहराच्या व्यावसायिक टीमने शेवटच्या मिश्र दुहेरीत बरोबरी गाठलेली. दोन्हीकडे एकच पॉइंट उरलेला. आपल्या बाजूला तोफ. (ही दिसायला एवढीशी मुलगी, पण तिचा फटका असा की प्रेक्षकांनी तिचं नावच तोफ ठेवलं होतं.) तोफेने पुढे झेपावून बॉल असा हाणला, की समोरच्या दोघांनी पॅडल हलवायचीसुद्धा तसदी घेतली नाही. सगळा स्टँड उठला. डॉक्टरांनी शेजारच्या अनोळखी प्लंबरला मिठी मारली. आणि त्याच क्षणी टोपी आणि काळा चष्मा घातलेल्या रेफ्री बाईंनी शांतपणे हात वर केला. किचन फॉल्ट. सामना गेला.

व्हिडिओ बघा अशी मागणी करायचा हक्क टीम आधीच एका फालतू बॉलवर घालवून बसली होती. मग जे झालं त्याला आरडाओरडा म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणण्यासारखं आहे. डॉक्टर खुर्चीवर चढले. रेफ्री बाईंचे डोळे, त्यांचं शिक्षण, त्यांचे घरचे संस्कार आणि समोरच्या टीमने त्यांना दुपारी काय खाऊ घातलं असेल, या सगळ्याची त्यांनी तिथून जाहीर चौकशी केली. बायको त्यांच्या शर्टाचं टोक धरून उभी होती. ते पडू नयेत म्हणून, की ते आपलेच आहेत हे विसरायला होऊ नये म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक.

तर हे सगळं पोटात ठेवून डॉक्टर सोमवारी कामाला लागले. पहिली पेशंट नवीन होती. पन्नाशीच्या, नीटनेटक्या बाई, रूट कॅनलसाठी आलेल्या. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, दुखलं तर हात वर करा. भुलीचं इंजेक्शन दिलं, तोंडात थुंकी ओढणारी नळी अडकवली, ड्रिल हातात घेतलं आणि सहज विचारलं, "काल मॅच बघितलीत?"

बाईंनी "आं" केलं. डॉक्टरांनी ते "हो" धरलं. मग काय, बांधच फुटला. त्यांनी तोफेची झेप सांगितली, रेफ्रीचा आंधळेपणा सांगितला, पाय आणि रेषेमध्ये एक आख्खा माणूस झोपू शकला असता हे सांगितलं. बाईंनी हात वर केला. डॉक्टर कनवाळूपणे म्हणाले, दुखतंय का, थांबा, आणि आणखी एक इंजेक्शन दिलं. मग रेफ्री लोकांना हे काम मुळात मिळतंच कसं, हा विषय निघाला. बाईंनी पुन्हा हात वर केला, या वेळी जरा जोरात. डॉक्टरांनी पुन्हा इंजेक्शन दिलं. इतकी नाजूक दाढ आपण बऱ्याच दिवसांत बघितली नाही, असं ते रिसेप्शनिस्टला म्हणालेसुद्धा.

शेवटी दाढ तात्पुरत्या सिमेंटने बुजवून झाली आणि बाईंनी चूळ भरली. चूळ कसली, अर्धं पाणी साडीवर गेलं, कारण आता नाकापासून हनुवटीपर्यंत त्यांचं म्हणावं असं काहीच शिल्लक नव्हतं. त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "तिचा हाय रेशेवर ओता."

डॉक्टर म्हणाले, काय?

दारातून रिसेप्शनिस्ट म्हणाली, "त्या म्हणतायत, तिचा पाय रेषेवर होता."

"तुम्हाला इतकं नक्की कसं माहीत?" डॉक्टरांनी विचारलं. आवाजात अजून सात्त्विक संताप होता.

"रेह्री नीच ओते."

रिसेप्शनिस्टने हे भाषांतर करायला जरा वेळ घेतला. तेवढ्यात डॉक्टरांना टोपी आणि काळा चष्मा नसलेल्या त्या चेहऱ्यात कालचा चेहरा दिसला, आणि हातातली नळी स्वतःच्याच बाहीवर गुरगुरू लागली.

दुसरा कुणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. डॉक्टरांच्याही ती ओठावर आली होती. पण मग त्यांना तोफेचा रडवेला चेहरा आठवला आणि माफी परत आत गेली. उलट त्यांनी बाईंनाच सुनावलं, की कसलेला खेळाडू फटका मारून जागच्या जागी थांबतो, हे साधं शास्त्र आहे. बाईंनी पर्स उचलली. त्यांचं बोलणं रिसेप्शनिस्टने समजावून दिलं ते असं: फटका थांबतो, अंग थांबत नाही, आणि पटत नसेल तर घरी करून बघा. गुरुवारी दाढेचं राहिलेलं काम करायला येते.

घरी करून बघा म्हणजे काय? डॉक्टर दिवसभर धुमसत राहिले. (उरलेल्या पेशंटांना त्या दिवशी फार चांगलं ऐकायला मिळालं.) संध्याकाळी ते दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी घेऊनच घरी आले आणि चपला काढायच्या आत हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाच्या अलीकडे फरशीवर एक लांब रेष चिकटवली. आईने विचारलं, हे काय. डॉक्टरांनी सांगितलं, ही किचनची रेष, हिच्या आत पाय पडला की माणूस हरतो.

आई म्हणाली, "किचनमध्ये पाय पडला की हरतो? मग तू या घरात कधीच हरला नाहीस." आणि ती खऱ्या किचनमध्ये निघून गेली.

बायकोला बॉल टाकायला उभं केलं. दोन वर्षांपूर्वी हौसेने आणलेल्या पॅडलचं प्लॅस्टिक त्या दिवशी पहिल्यांदा फाडलं. बायको म्हणाली, आधी टेबल बाजूला सरकवू या. डॉक्टर म्हणाले, टेबलापर्यंत जायचा प्रश्नच येत नाही, रेषेआधी थांबायचं हाच तर मुद्दा आहे.

पहिल्या खेपेला अंगठा रेषेच्या पलीकडे गेला. बॉल नीट टाकला नाहीस, असं त्यांनी बायकोला समजावलं. दुसऱ्या खेपेला आख्खं पाऊल गेलं. तो दोष मोज्यांचा निघाला. मग त्यांनी मोजे काढले, विजार वर दुमडली आणि पार बेडरूमच्या दारापासून धाव घेतली. फटका मात्र फर्मास बसला. बॉल भिंतीवरच्या घड्याळाला लागून सोफ्यामागे गेला. बाईंनी सांगितल्याप्रमाणे फटका तिथे थांबला. डॉक्टर थांबले नाहीत. त्यांनी रेष ओलांडली, टेबलाला कमरेने वळसा घातला, एक खुर्ची सोबत घेतली, आणि किचनच्या दारातून आत शिरून फ्रिजच्या हँडलवर तोंड आपटून मगच मुक्काम केला.

आईने गॅस बारीक केला, खाली बघितलं आणि विचारलं, "हा पॉइंट कुणाचा?"

पुढचा दात अर्धा तुटला होता. बायको शेजारी बसून त्यांच्या ओठावर बर्फ धरत होती, आणि बर्फ धरता धरताच तिने सांगून टाकलं, की अंगठा रेषेवर होता हे तिने काल तिथेच बघितलं होतं.

डॉक्टरांना दातापेक्षा हे जास्त लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायको आपल्याच टीमच्या विरुद्ध काहीतरी बघते, आणि बघून गप्प बसते. बर्फ बाजूला सारून त्यांनी विचारलं, "नग तेव्हा का नाही नोललीस?"

"तुम्ही खुर्चीवर चढला होता," ती म्हणाली. "वर चढलेल्या माणसाला खालचं काही सांगता येत नाही. बर्फ धरू द्या."

स्वतःचा दात स्वतःला बसवता येत नाही, हा या धंद्यातला मोठा अन्याय आहे. डॉक्टरांना पलीकडच्या चौकातल्या डॉक्टरकडे जावं लागलं, ज्याला ते आजवर 'तो सुतार' म्हणत आले होते. सुताराने दात छान बसवला. बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरा झाला, पण छान बसवला, आणि एक शब्दही न बोलता बसवला.

गुरुवारी रेफ्री बाई आल्या. आज त्यांचं बोलणं स्वच्छ होतं आणि डॉक्टरांचा ओठ सुजलेला. बाईंनी ओठाकडे बघितलं, नव्या दाताकडे बघितलं.

"करून बघितलंत?"

"हो."

"थांबलात?"

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

पण बाईंनी लगेच आ केला नाही. ओरडण्याचं मला काही वाटत नाही, त्या म्हणाल्या, कान तयार झालेत. आठवडाभर एका कारखान्यात मालाची तपासणी करते, तिथेही नको म्हटलं की लोक ओरडतातच. "फक्त मुलीने यायचं सोडलं. पहिली दोन वर्षं प्रत्येक सामन्याला यायची. आता म्हणते, स्टँडमध्ये बसून स्वतःच्या आईबद्दल ते सगळं ऐकवत नाही."

मग त्यांनी आ केला. डॉक्टरांनी त्या दिवशी सगळी दाढ तोंडातून एक अक्षर न काढता पुरी केली. रिसेप्शनिस्ट दोनदा आत डोकावून गेली, तिला वाटलं डॉक्टरांना काही झालं. काम संपल्यावर ते हातमोजे काढता काढता "त्या दिवशी मी जे बोललो..." इतकं म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. बाई म्हणाल्या, खुर्चीवर चढलेले तुम्हीच ना, ओळखलं होतं मी, आवाज दवाखान्यात जरा मऊ लागतो इतकंच.

डॉक्टरांचा संताप मावळला असं मात्र कुणी समजू नये. त्याने फक्त तोंड फिरवलं. आता त्यांना प्रेक्षकांचा राग येऊ लागला. नियम माहीत नाहीत, पाय कुठे पडला ते बघायचं नाही, आणि एका प्रामाणिक बाईच्या नावाने शिमगा करायचा! रविवारपर्यंत त्यांनी बायकोला, आईला, रिसेप्शनिस्टला आणि पलीकडच्या चौकातल्या सुतारालाही हे ऐकवलं. बायकोने एवढंच विचारलं, की या वेळी खाली बसूनच बघणार ना. ते म्हणाले, अर्थात.

रविवारी गर्दी होती, म्हणून जागा वरच्या बाजूला, सगळ्या नवख्या लोकांत मिळाली. तिसऱ्या गेममध्ये तोफ पुन्हा झेपावली, पुन्हा तसाच फटका बसला, आणि रेफ्री बाईंचा हात पुन्हा वर गेला. किचन फॉल्ट. स्टँड खवळला. डॉक्टर क्षणभर खाली बसून राहिले. मग मागून कुणीतरी बाईंच्या घरच्यांबद्दल काहीतरी बोललं आणि पुढच्या क्षणी डॉक्टर खुर्चीवर होते. फरक एवढाच, की या वेळी पाठ कोर्टाकडे आणि तोंड लोकांकडे.

लाज वाटली पाहिजे, ते गरजले. त्या बाईला तुमच्यापेक्षा जास्त दिसतं. फटका थांबतो, अंग थांबत नाही, हे शास्त्र आहे. त्यांनी ओठ वर करून नवा पांढरा दात मागच्या चार रांगांना पुरावा म्हणून दाखवला. तिलाही मुलगी आहे, ते म्हणाले, आणि इथे त्यांचा आवाज खरोखरच भरून आला.

तोवर टीमने व्हिडिओची मागणी केली होती. डॉक्टरांच्या पाठीमागच्या मोठ्या पडद्यावर तोफेचा पाय संथपणे खाली आला आणि रेषेच्या चांगला वीतभर अलीकडे टेकला. रेफ्री बाईंनी पडदा बघितला, मान हलवली, निर्णय तिथल्या तिथे फिरवला आणि पॉइंट शहराच्या टीमला दिला. सगळा स्टँड टाळ्या वाजवत उभा राहिला.

आपल्या बोलण्याचा इतका परिणाम होईल असं डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. त्यांनी खुर्चीवरूनच दोन्ही हात जोडले आणि डावीकडे, उजवीकडे वाकून लोकांचे आभार मानले.

मागच्या रांगेतला एक गृहस्थ पुढे झुकला आणि डॉक्टरांच्या बायकोला हळूच म्हणाला, "हे रेफ्री बाईंचे मिस्टर का हो?"

तिने मान वर करून नवऱ्याकडे नीट बघून घेतलं.

"असतील," ती म्हणाली. "मी एकटीच आलेय."