वर फक्त सामान

आगीचा कर वाचवायची युक्ती चष्मेवाल्याला दात घासताना सुचली आणि चूळ भरायच्या आधीच त्याने ती बायकोला सांगून टाकली. आपल्यासारखं डोकं अख्ख्या गल्लीत कुणाला नाही, असं त्याचं फार जुनं मत होतं. गल्लीला ते अजून पटायचं होतं, एवढंच.

कर नवा होता. शहराच्या अग्निशमन दलाला उंच शिड्यांच्या गाड्या घ्यायच्या होत्या, म्हणून प्रत्येक घरावर खास आकारणी बसली होती. ज्या मजल्यावर माणसं झोपतात त्या मजल्याचा कर. नुसतं सामान असेल तर माफ, कारण सामान वाचवायला कुणी शिडी लावत नाही. पाहणी करणारी बाई घरोघर फिरून फाटकाच्या खांबावर मजल्यांप्रमाणे खुणा रंगवत होती. माणसं असतील तिथे गोल, सामान असेल तिथे फुली. उद्या आग लागलीच तर कुणाला कुठे शोधायचं, ते जवानांना बाहेरूनच कळावं.

शेजारच्या दातांच्या डॉक्टरने वरच्या मजल्यालाही गोल काढून घेतला होता. वर कुणी राहत नव्हतं, कधीमधी एखादा पाहुणा झोपायचा. नेमका तो झोपलेला असताना आग लागली तर काय, असं डॉक्टरचं म्हणणं. लोकांच्या दाढा काढता काढता याची अक्कलदाढही निघाली, असं चष्मेवाला ज्याला त्याला सांगत सुटला.

चष्मेवाल्याच्या वरच्या मजल्यावर मात्र त्याचे वडील राहत होते. अप्पांनी जन्मभर बँडमध्ये ट्रंपेट वाजवलं होतं. त्यांची बायको वारल्यापासून ते वाद्य त्यांच्या खुर्चीखाली धूळ खात पडलं होतं आणि अप्पांचे गुडघे संपावर गेले होते. बेत असा होता, की पाहणीच्या दिवशी त्यांना दुकानात नेऊन बसवायचं, पलंग भिंतीला उभा करायचा आणि फ्रेमचे खोके जिन्यापासून खोलीपर्यंत रचायचे. खोके रचून झाले. पलंग उभा राहिला. अप्पा काही उभे राहिनात. धरून, ओढून, गोंजारून झालं, तोवर बाई फाटकात हजर.

"अप्पा, पाच मिनिटं हलू नका," म्हणत चष्मेवाल्याने त्यांच्यावर खुर्चीसकट चादर टाकली.

बाई जिना चढून आली. तिने दारातूनच खोके पाहिले, पलंग पाहिला आणि चादरीकडे बोट दाखवून हे काय, म्हणून विचारलं.

"जुनी खुर्ची आहे. टाकायचीच आहे, पण मन होत नाही," चष्मेवाला म्हणाला.

चादर जराशी हलली. बाईला वारा वाटला असावा. तिने खाली जाऊन वरच्या मजल्यापुढे फुली मारली. चष्मेवाला इतका खूश झाला, की चादर काढायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. ती बायकोने काढली. आत अप्पा घामाघूम होऊन बसले होते. जमलं का त्याचं, एवढंच त्यांनी सुनेला विचारलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्या दिवसापासून ते फार शहाण्यासारखं वागू लागले. चहा हवा का विचारलं, तर मला कशाला, मी आपला कोपऱ्यात आहे, म्हणायचे. पलंग पुन्हा आडवा केला तरी खुर्चीतच झोपायचे. बायकोने नवऱ्याशी बोलणं टाकलं. खोके हलवा, एवढं मात्र ती रोज न चुकता बोलायची. फेरपाहणी झाली तर पुन्हा कोण रचत बसणार, असं त्याचं रोजचं उत्तर असायचं.

मग एका दुपारी बायको बाजारात गेली असताना जिन्यातल्या वायरने खोक्यांमागे ठिणगी टाकली. कोरड्या पुठ्ठ्याला निमित्तच हवं असतं. चष्मेवाला दुकानातून धावत आला तेव्हा जिना काळ्या धुराने भरला होता. तो आत शिरला आणि खोकत, डोळे चोळत तसाच मागे फिरला. एवढ्यात अग्निशमन दलाची गाडी आली.

प्रमुखाने उतरल्या उतरल्या खांब पाहिला. वर फुली. खाली कुणी आहे का, असं त्याने विचारलं. खाली कुणी नव्हतं. मग सावकाश पाणी मारा, घाई नको, असं त्याने जवानांना सांगितलं. शिडी गाडीवरच राहिली.

मागे सगळी गल्ली जमली होती, डॉक्टर सर्वांत पुढे. खरं बोलावं तर चारचौघांत अब्रू जाणार.

"साहेब, वर आहे," चष्मेवाला पुटपुटला.

"काय आहे?"

"किमती... सामान."

"सामानासाठी मी माझा माणूस धुरात पाठवत नाही."

तेवढ्यात वरून ट्रंपेट वाजलं. सूर फाटका होता, मधेच खोकल्याने तुटत होता, पण पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा होता. प्रमुखाने आधी वर पाहिलं, मग चष्मेवाल्याकडे.

"तुमचं सामान वाजतंय," तो म्हणाला.

"माझे वडील आहेत हो वर! शिडी लावा, अप्पा आहेत माझे!" चष्मेवाला ओरडला. लाज वाटायला त्याला सवड नव्हती. तो नुसता घाबरला होता, लहान पोरासारखा.

शिडी लागली. एका जवानाने अप्पांना खांद्यावर घालून उतरवलं. चेहरा काजळीने माखला होता, हातात ट्रंपेट घट्ट धरलेलं. कुठे बसवू, असं जवानाने विचारलं. अप्पांनी गर्दीवरून नजर फिरवली, मुलावरूनही फिरवली.

"ठेवा कुठेही," ते म्हणाले. "टाकायचंच आहे, पण मन होत नाही."

डॉक्टर पुढे झाला. वरचा मजला रिकामाच आहे, कर भरलाय तर कुणीतरी झोपा, म्हणत त्याने अप्पांना जवानांकरवी आपल्या घरी नेलं.

चष्मेवाल्याने दंड भरला. मग स्वतः जाऊन पाहणीवाल्या बाईला घेऊन आला आणि फुली पुसून तिथे गोल काढून घेतला. वर आता खरोखरच कुणी राहत नव्हतं, वितळलेल्या फ्रेम तेवढ्या होत्या. ते त्याने बाईला सांगितलं नाही. म्हणजे तिच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलला, आणि तेही पदरमोड करून.

"अप्पा, गोल काढून घेतला. आता घरी चला," तो डॉक्टरच्या दारात जाऊन म्हणाला.

अप्पा काठी टेकत, डॉक्टरच्या आधाराने खांबापाशी आले. त्यांनी गोलाला बोट लावून पाहिलं.

"ओला आहे अजून," ते म्हणाले. "वाळू दे. मग बघू."

आणि ते डॉक्टरच्या घराकडे वळले.

आता रोज संध्याकाळी डॉक्टरच्या वरच्या मजल्यावरून ट्रंपेट ऐकू येतं. दुकान बंद करून आलेला चष्मेवाला फाटकात थांबतो आणि खांबावर बोट फिरवून पाहतो. रंग केव्हाच वाळलाय. बायको म्हणते, असं रोज घासत राहिलात तर गोल पुसला जाईल. मग पुन्हा रंगवा, आणि पुन्हा वाळायची वाट बघा.