आक्काच्या जाळीवरचा सदरा

व्यंकटमामांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. लिहायला बसलो की चहाची तल्लफ यायची, चहा झाला की पेपर चाळायचा राहिलेला असायचा, आणि तेवढ्यात बायको भाजी आणायला पाठवायची. सुटलो, असं वाटायचं. आता गुडघ्यांमुळे भाजी आणणं बंद झालंय. त्यामुळे लिहिणं आलं.

तर व्यंकटमामा जनरेटरच्या शेडमध्ये शिरण्याआधी खोकायचे. घरात बायाबापड्या असतील म्हणून जुनी माणसं दारात खोकतात ना, तसं. चप्पल बाहेर काढायचे, दोनदा खोकायचे आणि विचारायचे, "आक्का, येऊ का आत?" आक्का म्हणजे जनरेटर. निळ्या रंगाचा, ट्रकच्या तोंडाएवढा, आणि आवाजाने तर अख्ख्या माळाला ऐकू जाणारा.

अहमदपूरच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून बरंच आत, एका उजाड माळावर आमची दगडाची खदान होती. मी तिथला मॅनेजर, मामा जनरेटर चालवणारे. लातूरहून जा-ये करायचो. काळा दगड फोडायचा, क्रशरमध्ये टाकायचा आणि खडी करून रस्त्याच्या कामांना पाठवायची. क्रशरला एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे मधेच वीज जाणं. वीज गेली की त्याच्या जबड्यात दगड अडकून बसायचा. मग मुकादमापासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी आत वाकून तो हातांनी उपसायचा. गाईचं बाळंतपण परवडलं, पण हे नको.

तारेवरची वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता. मामा तिला जावई म्हणायचे. "जावई आले!" अशी त्यांनी आरोळी ठोकली की सगळे आपापल्या मशिनीकडे पळायचे. जरा वेळाने क्रशर कण्हत थांबायचा आणि मामा कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "गेले. सांगून न्हाई, सवरून न्हाई. ही काय रीत हाय का?" मग खोकून आत जायचे आणि आक्काला उठवायचे.

एकदा वीज कार्यालयातले साहेब लाईन बघायला आले. मामांनी त्यांना चहा पाजला, बाजूला बसवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, जावई तुमच्याकडचे. तुमचं ऐकतील. जरा चार समजुतीच्या गोष्टी सांगा." साहेबांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

नांदेडहून एक तरुण सोलरची माहिती द्यायला आला, तेव्हाही असंच झालं. टाय लावलेला, लई गोड बोलणारा पोरगा. मामा म्हणाले, "सूर्य बुडल्यावर काय करायचं?" तो म्हणाला, "बॅटरी असते ना, काका. दिवसाची वीज त्यात साठते." मामांनी मान डोलावली. "म्हंजे शिळं. खाऊ आम्ही, आमचं काय न्हाई. पन आक्काला चालंल का, ते इचारून सांगतो." आणि खरंच खोकून आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "न्हाई म्हनली."

चप्पल काढायच्या नियमातून मालकही सुटले नव्हते. नवे कोरे बूट दाराशी काढून ते आत गेले आणि बाहेर आले, तेव्हा एक बूट खदानीच्या कुत्र्याने पळवला होता. मालक एका बुटावर गाडीत बसले. मामा दिलासा देत म्हणाले, "एक तरी ऱ्हायला की, मालक."

पण मामांचा खरा कडक नियम कपड्यांचा होता. जनरेटर एका बाजूच्या जाळीतून हवा ओढतो आणि दुसऱ्या बाजूने गरम फेकतो. त्या गरम वाऱ्यावर खदानीतल्या सगळ्यांचा डोळा. कुणी पापड ठेवायचं, कुणी लुंगी. स्वयंपाकीणबाईंनी एकदा परातभर मिरच्या ठेवल्या आणि सगळी खदान शिंकत माळावर पळाली. ट्रकवाले भरलेल्या गाड्या तिथेच टाकून पळाले. त्या दिवसापासून मामांनी जाहीर केलं, "आक्काच्या अंगावर कापड, पापड, काहीबी दिसलं तर मी न्हाई आनि तुमी न्हाई."

आता त्या दिवसाचं सांगतो.

संध्याकाळी लातूरला माझ्या मुलीची बैठक होती. औशाहून पाहुणे यायचे होते. मी नवा पांढरा सदरा घालूनच खदानीवर गेलो, म्हणजे तिथून थेट घरी. आणि दुपारी चहा पुढ्यातच सांडला. सदरा धुतला. मामा भाकरी खायला गेले होते, आक्का जोरात चालू होती. गरम बाजूला धुराने सदरा काळा होईल, म्हणून मी हुशारी केली आणि हवा ओढणाऱ्या बाजूच्या जाळीवर लावला. जाळीने तो असा ओढून धरला की चिमटासुद्धा लागला नाही. किती छान सोय, असं मनात म्हणत मी बनियनवर ट्रक मोजायला निघून गेलो.

आक्काचा श्वास कोंडला. इंजिन तापलं की आपोआप बंद पडण्याची एक सोय असते. उन्हाळ्यात ती सारखी काम थांबवते म्हणून मीच ती काढायला लावली होती. मामा तेव्हा नको नको म्हणत होते. आता आधी करकर झाली, मग एक दणका, मग शांतता. जबड्यात दगड अडकला. सगळे क्रशरकडे धावले, मी जाळीकडे. सदरा ओढला, अंगात घातला. कडक वाळला होता, इस्त्री केल्यासारखा.

मालक अहमदपुरातच होते. ते लगेच आले. मेकॅनिक म्हणाला, इंजिन गेलं. मालकांनी विचारलं, "कुणाचं काम हे?" मी त्यांच्यासमोर, मामा माझ्या मागे. मी घसा साफ केला. इतक्यात मागून मामा म्हणाले, "माझं, मालक. भाकरी खाल्ल्यावर डोळा लागला. तापलेली कळली न्हाई."

मालकांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. मामा शेडच्या दाराशी गेले. खोकले. "आक्का, येतो," म्हणाले. पण आत गेले नाहीत.

मला वाटलं, खरंच त्यांचा डोळा लागला असेल. वाटून घेतलं, म्हणा. बैठकीत पाहुण्यांपैकी एक काका माझ्या मागे बसले होते. ते कौतुकाने म्हणाले, "पुढून पांढरा, मागून चौकडी. कुठं शिवला हो सदरा?" मोरीत जाऊन बघितलं. पाठभर जाळीचे काळे चौकोन. खडीची धूळ आणि तेल, ठळक छापलेलं.

मामा माझ्या मागे उभे होते.

मुलीचं जमलं. लग्न झालं. मी मालकांना काही बोललो नाही. मामांकडे जायचं मात्र दर दिवाळीला ठरवत होतो. गेल्या वर्षी गेलो, मुदखेडला. अरुंद गल्ली, ओट्यावर बाज, बाजेवर मामा, शेजारी कूलर आणि कूलरवर त्यांचा हात.

"दिवसभर असाच हात ठेवून बसतात," सून म्हणाली. "कानांनी ऐकू येत न्हाई ना. हाताला तेवढी थरथर लागते. लाईट गेली की मला हाक मारतात, जावई गेले म्हणून."

मामांनी मला लगेच ओळखलं. आवाज खदानीवरचाच होता, सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा. "मॅनेजरसाहेब! पोरीचं जमलं नव्हं?"

मी मान हलवली. बोटांनी दाखवलं, दोन लेकरं.

"बास! म्या म्हनलंच होतं. सोयरिकीच्या दिवशी पोरीच्या बापाला कोन बोल लावणार?" मग हसले. "आनि सदरा? नीट वाळला होता का?"

मी त्यांच्या जवळ सरकलो. "मामा, चूक माझी होती."

त्यांनी कानाला हात लावला. "आं? जोरात बोला, साहेब!"

सून दारात उभी होती. समोर दोघीजणी मेथी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. गल्लीत एक ऑटो उभा होता, त्याचा ड्रायव्हरही मान बाहेर काढून बघायला लागला. मी छाती भरून श्वास घेतला आणि असेल नसेल तेवढ्या ताकदीने ओरडलो,

"मामा, माझ्या गाडीची वेळ झाली!"

ते मात्र त्यांना स्पष्ट ऐकू आलं.