सुई का सुरी?

शेखसाहेब रोज अंघोळ झाली की बेंबीच्या उजवीकडं चार बोटांवर बॉलपेननं फुली मारायचे. "डॉक्टरचा अंगठा हुकायला नको," म्हणायचे. जन्मभर जमीन मोजणीच्या नोकरीत गेलेला माणूस. पडेगावकडच्या शेतांचे प्लॉट पडले, तेही यांनीच मोजलेले.

फुलीखाली दुखायचं मात्र खरं. सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, सगळं साफ. दीड वर्षानं एका डॉक्टरांना सापडलं: पोटाच्या स्नायूत नस अडकलीय. आधी तिथं इंजेक्शन देऊन बघू. गुण टिकला नाही तर छोटं ऑपरेशन करून नस कापू.

तेव्हापासून आमच्या बिल्डिंगला चैन नाही. त्या वर्षी पाऊस नव्हता, नळ कोरडे. टँकरपुढं हंडे लावून आम्ही बायका उन्हात उभ्या, आणि साहेब सगळ्यांची मतं टिपायला वही घेऊन हजर. "बोला वहिनी, सुई का सुरी?" टँकरवाल्यालाही सोडलं नाही. तो म्हणाला, "चाचा, पहले पाइप तो पकडने दो."

डॉक्टरांचं म्हणणं त्यांना पाठ होतं. "सुई घेतली की त्याच दिवशी घरी. पण आराम किती दिवस, खात्री नाय. सुरीनं लई जणांना कायमचं बरं वाटतं, पण सगळ्यांनाच नाय. वरून कातडी बधिर."

पहिल्या सुईनं महिना बरा गेला. दुसरीनं आठ दिवस. तिसरीनंतर एका दुपारी जिन्यातच पोट धरून बसलेले दिसले, घामानं थबथबलेले. मी घाबरले आणि चिडलेही.

"आता ऑपरेशन करून टाका. एवढी कसली भीती?"

"सुरीची नाय हो वहिनी." त्यांनी खिशातून दवाखान्याचा घड्या पडलेला फॉर्म काढला. "इथं नातेवाईकाची सही लागते. सुईला माझी एकट्याची चालते."

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, हे मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ असाही होतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं, दुखणंही बरंचसं गेलं. पण मला आठवते ती त्या दिवशीची सकाळ. 'रुग्णाशी नातं' या रकान्यापाशी माझा हात अडला. मग 'बहीण' लिहिलं आणि खाली सही केली, सुनंदा कुलकर्णी.

नर्सनं कागद वाचला. आळीपाळीनं आम्हा दोघांकडं पाहिलं.

"सख्खी?"

"व्हय," साहेब म्हणाले, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.