सुभानजी वाघचौरे यांनी बदकांच्या शिकारीस पहिली बंदूक घेतली त्याची हकीकत

तळ्याकाठची देवी, जी पाखरांस आकाश देते आणि शिकाऱ्यांस चिखल, तिजला दंडवत घालून हकीकत लिहिली ती ऐसी. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरी, कार्तिक वद्य पंचमीस एका राज्यात मोठी धांदल उडाली. राज्याचे नाव लिहू नये अशी दरबारची ताकीद आहे, सबब लिहिले नाही. त्या राज्यास एक किल्ला, दोन बाजार आणि एक थोरले तळे. थंडी पडली की उत्तरेकडून हजारो बदके तळ्यावर उतरत, आणि बदके उतरली की दरबारचे मानकरी बंदुका घेऊन काठावर उतरत, आणि जमिनीत लाकडी टेकू रोवून, त्यावर बंदूक ठेवून, पाण्यात निवांत बसलेले पाखरू मारीत, आणि घरी जाऊन चार दिवस पराक्रम सांगत. मग मागील साली ऐसे जाहले की एका थोर मानकऱ्यांनी पाऊण घटका नेम धरून जे बदक मारिले ते राणीसाहेबांचे पाळीव निघाले. नाव रत्नमाला. गळ्यात मोत्यांचा सर होता, मानकऱ्यांस तो दिसला नाही. मग राणीसाहेबांनी दोन दिवस अन्न वर्ज्य केले, आणि साल उलटून पुन्हा बदके उतरू लागली तेव्हा दरबारात येऊन हुकूम फर्माविला की, येथून पुढे बसल्या पाखरावर जो बार टाकील त्याची बंदूक तळ्यात जाईल, मारणे तर उडते मारावे. दरबारात उडते पाखरू कोणी मारल्याचे कोणासच आठवेना. मग राजेसाहेबांनी, राणीसाहेबांची मर्जी राखावी म्हणून, वर आणखी एक हुकूम जोडिला की, शिकारखान्यात एक जागा रिकामी आहे, पौष पौर्णिमेस सकाळी जो कोणी स्वतःच्या बंदुकीने तीन बारांत एक उडते बदक पाडील त्यास ती जागा द्यावी, हुद्दा पुसू नये.

हा हुकूम पागेत पोचला तेव्हा सुभानजी वाघचौरे घोड्यांपुढे वैरण टाकीत होते. वय बावीस, अंगाने सडसडीत, पागेत चार वर्षे चाकरी. बंदूक चालविणे त्यांस कोणी शिकविले नव्हते. मानकऱ्यांबरोबर घोडे घेऊन तळ्यावर जात, लगाम धरून उभे राहात, आणि मानकऱ्यांच्या चुका पाहून शिकत. चुका मुबलक होत्या, सबब शिक्षण बरे जाहले. परंतु हुकूम ऐकून सुभानजींस ती जागा हवी जाहली ती हौसेने नव्हे. पागा माघ महिन्यात सरहद्दीच्या ठाण्यावर हलणार होती, आठ मजलांची वाट, आणि एकदा गेलेला माणूस दोन-तीन वर्षे परत येत नसे. घरी चिमाबाई, त्यांची बायको, गरोदर होती आणि बाळंतपण फाल्गुनात यायचे होते. शिकारखान्याची जागा मिळाली तर गावात राहणे होते, न मिळाली तर लेकराचे तोंड कधी पाहायचे ते घोड्यांच्या मर्जीवर.

मग सुभानजींनी घरी येऊन सर्व मजकूर सांगितला, आणि चिमाबाईंनी फडताळातली पुरचुंडी काढून पुढ्यात ठेविली. चार वर्षांची शिल्लक, चाळीस रुपये. म्हणाल्या, "एवढे आहेत. एक्केचाळिसावा मागायला आलात तर दाराला कडी लावीन."

मग दुसरे दिवशी सुभानजी बंदूक पाहावयास निघाले, आणि मोठी चूक केली ती ही की मामांस बरोबर घेतले. मामा हैबतराव, जुने शिपाई, मिशा दोन्ही कानांपर्यंत, आणि आवाज त्याहून पुढे. त्या राज्यात ऐसी रीत होती की माणसाची पत त्याच्या बंदुकीच्या लांबीवरून ठरे. तीन हातांची बंदूक असली तर लोक रामराम घालीत, साडेतीन हातांची असली तर थांबून घालीत, आणि चार हातांची असली तर आधी कोणी घालावा हा प्रश्नच नसे. बंदुकीने काय मारिले हे पुसण्याची वहिवाट नव्हती.

बाजाराच्या तोंडाशीच करीमचाचा शिकलगार यांचे दुकान. हत्यारांस धार आणि झिलई करण्यात यांचे आयुष्य गेलेले. त्यांजपाशी एक आखूड, काळसर, चकमकीची बंदूक होती, चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. मोल पंचवीस. लाकडी कुंद्यावर नक्षी नाही, चांदी नाही, काही नाही. करीमचाचांनी ती सुभानजींच्या हाती दिली आणि म्हणाले की, डोळे मिटून खांद्याला लावा आणि मग उघडा. सुभानजींनी तैसे केले, आणि डोळे उघडले तो नळी नजरेसमोर सुतासारखी सरळ, आणि टोकावरचा नेमाचा मणी समोरच्या कौलावरील कावळ्याच्या छातीवर. सुभानजींचे मन तेथेच बसले. परंतु मामा बोलिले, "ही घेऊन गल्लीतून निघालास तर लोक म्हणतील, वाघचौऱ्यांच्या पोराने चूल फुंकायला फुंकणी आणली." दुकानातली चार माणसे हसली. सुभानजींचे कान तापले. आणि तापलेल्या कानांनी माणूस बाजारात फिरू लागला म्हणजे काय होते ते पुढे लिहिले आहे.

पुढे एक दुनळी पाहिली, ती इतकी सुंदर होती की मोल ऐकून मामांनीही मान खाली घातली. मग एक फार स्वस्त पाहिली, बाहेरून आरशासारखी लखलखीत, परंतु सुभानजींनी नळीत उजेड धरून डोकाविले तो आत गंजाने खड्डे पडलेले, सबब ठेविली. एवढे शहाणपण त्या दिवशी त्यांजपाशी होते. मग तिसऱ्या दुकानी भिंतीला टेकून उभी होती ती दिसली. चार हात लांब, तोड्याची, म्हणजे पेटती वात नळीच्या मागील भोकाशी टेकवून उडवायची, नळीवर चांदीचे पाच पट्टे. मामांचे डोळे भरून आले. सुभानजींनी ती उचलून खांद्यास लावीपर्यंत समोरच्या कडुलिंबावरचा एक कावळा उडाला, फिरून आला, आणि बसून पंख साफ करू लागला. हे सुभानजींनी पाहिले. पाहिले आणि तरी अडतीस रुपये मोजून दिले, कारण बाजारात लोक जमले होते आणि सारे बंदुकीकडे पाहात होते. उरलेल्या दोन रुपयांची बंदुकीची दारू आणि छर्रे घेतले, आणि मामा-भाचे बंदूक खांद्यावर टाकून मुद्दाम लांबच्या वाटेने घरी आले. वाटेत सतरा रामराम आले. मामांनी मोजले.

घरी बंदूक दारातून वळेना. आडवी केली तर चौकट लागे, उभी केली तर आढे लागे. चिमाबाई ओसरीवर बसून पाहात होत्या. पुसत्या जाहल्या की, ही पाखरांस मारायची आहे की ढोसायची. सुभानजींनी बंदूक तिरपी करून कशीबशी आत सारली.

मग मार्गशीर्षात सुभानजी गावाबाहेरच्या लहान डबक्यावर पहाटे सरावास जाऊ लागले. वातीचा निखारा अंधारात लुकलुके आणि धुराचा वास वाऱ्यावर जाई, आणि बदके मुक्कामाचे ठिकाण बदलीत. एखादे चुकून वरून गेलेच तर चार हातांची नळी त्याच्यामागे फिरविता फिरविता पाखरू टेकडीपलीकडे जाई, आणि सुभानजी नळीच्या वजनाने अर्धी गिरकी घेऊन पाठमोरे होत. असे अठरा दिवस केले. अठरा दिवसांत एक बाभळीची फांदी पडली, तीही बसलेली.

मग पौष शुद्ध तृतीयेस सुभानजी बंदूक गोणपाटात गुंडाळून करीमचाचांकडे गेले आणि आखूड बंदूक आहे का पुसले. ती कधीच एका वाटसरूने नेली होती. आणि असती तरी पुरचुंडी रिकामी होती, आणि चार हातांची बंदूक परत घेण्यास बाजारात कोणी तयार नव्हते. सुभानजी ओट्यावर बसले, आणि पागा, ठाणे, चिमाबाई, सर्व सांगितले, आणि मी लोकांकडे पाहून बंदूक घेतली चाचा, बदकांकडे पाहून घेतली नाही, ऐसे स्वच्छ कबूल केले. करीमचाचांनी बंदूक उलटीसुलटी केली, नळीत डोकावले, नखाने वाजविली.

म्हणाले, "लोखंड चांगलं आहे. फक्त जास्त आहे."

सुभानजी म्हणाले, "म्हणजे?"

"हातभर नळी कापतो. कुंदा तुझ्या खांद्याला येईल एवढा तासतो. वात काढून टाकतो, चकमकीचा जुना चाप आहे माझ्याकडे, तो बसवतो. चांदीचे पट्टे मला दे, चाप आणि मजुरी त्यात आली. पण बेटा, कापलेली नळी परत जोडता येत नाही. बिघडली तर काठी झाली."

सुभानजींनी नळीवरून एकदा हात फिरविला. मग पट्टे स्वतःच्या हाताने काढून दिले आणि नळी धरून बसले, आणि करीमचाचा करवत चालवू लागले. अर्धी नळी कापली गेली इतक्यात मामा हैबतराव बाजारातून चालले होते त्यांनी आवाज ओळखला आणि आत आले, आणि भिंतीस हात टेकून उभे राहिले. बोलिले, "अरे, चार हातांची होती ती. त्यापेक्षा माझं मनगट काप."

सुभानजींनी नळी सोडली नाही. म्हणाले, "मामा, जो तुकडा पडतोय ना, तो लोकांसाठी घेतला होता. माझा इकडचा आहे."

मामा गेले, आणि जाताना बाजारातल्या पाच जणांस सांगत गेले की भाचा बिघडला. मग पुढचे दहा दिवस सुभानजींनी बार एकही टाकिला नाही, कारण दारू थोडी उरली होती. रिकामी बंदूक घेऊन पागेत उभे राहात, डोळे मिटत, खांद्यास लावीत, उघडत, आणि छपराखालून उडणाऱ्या पारव्यांमागे नळी फिरवीत. घोड्यांस आधी विचित्र वाटले, मग सवय जाहली.

पौष पौर्णिमेस तांबडे फुटता अकरा जण तळ्यावर हजर जाहले. दहांच्या बंदुका पाहून काठावर भाल्यांची रांग उभी केली आहे ऐसे दिसत होते, आणि अकरावी सुभानजींची. लोक हसले. शिकारखान्याचे मुख्य, म्हातारे बाजीबा मीरशिकार, हसले नाहीत, त्यांनी बंदूक हाती घेऊन खांद्याशी लावून पाहिली आणि परत दिली. राजेसाहेब आणि राणीसाहेब शामियान्यात बसले. चिमाबाई बांधावर बायकांत बसून हुरडा खात होत्या, आणि आज किती खाल्ला ते त्यांस स्वतःस कळत नव्हते. मग ढोल वाजला आणि बदके उठली, आणि आकाश पंखांनी भरून गेले. दहा जणांनी नळ्या वर केल्या. कोणाची वात विझली, कोणाची शेजाऱ्याच्या पागोट्यास लागली, दोघांच्या नळ्या एकमेकींत अडकल्या आणि ते दोघे पुढील वर्षापर्यंत बोलले नाहीत. बार पुष्कळ जाहले. पडले काही नाही.

सुभानजींनी पहिला चाप ओढला, ठिणगीच पडली नाही. बाजीबांनी बोट दाखवून एक मोजला. गारगोटी घट्ट बसविली, दुसरे बदक डोक्यावरून आले, नेम अचूक होता, आणि बार उडताना सुभानजींनी नळी थांबविली आणि छर्रे शेपटामागून गेले. दोन. बांधाकडे पाहिले तो चिमाबाईंनी हुरडा खाली ठेविला होता. मग तळ्यावरून सात बदकांची रांग आली, वेगाने, वाऱ्याबरोबर. सुभानजींनी डोळे मिटले, बंदूक खांद्यास लाविली, डोळे उघडले, नळी पाखराबरोबर धावविली आणि न थांबविता चाप ओढला. एक बदक दुमडले आणि कमरेएवढ्या पाण्यात पडले. सुभानजी बंदूक डोक्यावर धरून पाण्यात शिरले आणि पाखरू घेऊन कुडकुडत शामियान्यापुढे आले.

तेथे मानकऱ्यांनी हरकत काढिली की ही बंदूक नव्हे, हे बंदुकीचे उरलेले आहे. राणीसाहेबांनी विचारिले की, बदक उडते होते की बसले. सर्वांनी कबूल केले की उडते. मग राणीसाहेबांनी सुभानजींकडे वळून सहज पुसिले, "नेम याच्यावरच होता ना?"

आता येथे हो म्हणणे सोपे होते. सारे लोक तेच ऐकावयास उभे होते. सुभानजींस पागा दिसली, आठ मजलांची वाट दिसली, आणि बाजारात जमलेली ती माणसेही दिसली.

म्हणाले, "नाही राणीसाहेब. पहिल्यावर धरला होता. पडलं ते तिसरं."

मग जो हशा उठला त्याने तळ्यावर परत उतरलेली बदके पुन्हा उडाली. राजेसाहेब हसले, मानकरी मांड्या थोपटून हसले, आणि एक जण म्हणाला की मग जागा तिसऱ्या बदकास द्यावी. बाजीबा मीरशिकार पुढे जाहले आणि हशा ओसरेपर्यंत थांबले.

म्हणाले, "सरकार, चाळीस वर्षं मी इथं आहे. ज्याला विचारावं त्याचा नेम बरोबर, पाखरूच चुकतं. बार कुठं गेला ते सांगणारा हा पहिला. याला शिकवता येईल." मग सुभानजींस म्हणाले, "दोन हात मागे मारतोस. उद्यापासून पुढे धर. पहाटे ये, आणि कोरडे कपडे घालून ये."

येणेप्रमाणे शिकारखान्याची जागा सुभानजी वाघचौरे यांस मिळाली. माघात पागा सरहद्दीस गेली ती त्यांजवाचून गेली. फाल्गुन शुद्ध नवमीस चिमाबाईंस कन्या जाहली, आणि बाप दाराबाहेर बसला होता. मामा हैबतराव दोन महिने बोलले नाहीत, मग बारशाचे दुसरे दिवशी आपली स्वतःची बंदूक धोतरात गुंडाळून करीमचाचांकडे गेले आणि हळूच म्हणाले की हातभर नको, वीतभरच काढा, आणि दार लावून घ्या. पुढील थंडीत राज्यात रामराम घालताना लोकांची पंचाईत होऊ लागली, कारण मानकरीही गुपचूप नळ्या कापून घेऊ लागले आणि कोणाची बंदूक किती लांब हे कळेना. बदके मात्र पहिल्यापेक्षा उंचावरून जाऊ लागली. हकीकत जैसी घडली तैसी लिहिली, कोठे दोन हात मागेपुढे जाहली असेल तर वाचणाऱ्यांनी तेवढे पुढे धरून वाचावे.