कोपर काय म्हणायलंय?

कोरे डॉक्टर टेनिसच्या रॅकेटचा निकाल तोंडानं सांगत नाहीत. कोर्टाबाहेरच्या बाकावर ते तुम्हाला शेजारी बसवून घेतात, खांद्यावरचा टॉवेल तुमच्या हातावर टाकतात आणि टॉवेलखाली तुमची बोटं दाबतात. पाच बोटं दाबली तर रॅकेट अव्वल. चार दाबली तर घ्यायला हरकत नाही. दोन म्हणजे आल्या पावली परत. माझ्यावर पहिल्यांदा हा प्रसंग आला तेव्हा मी धाराशिवला नवीनच वकिलीला आलो होतो. हा पांढऱ्या मिशांचा गृहस्थ टॉवेलखाली आपली बोटं का चाचपतोय ते मला कळेना, म्हणून मी हात ओढून घेतला. डॉक्टर दुखावले. म्हणाले, "वकीलसाहेब, जरा दमानं. निकाल चालू हाय."

डॉक्टर म्हणजे ढोरांचे डॉक्टर. मूळचे परंडा तालुक्यातल्या सोनारीचे. नोकरी सगळी याच जिल्ह्यात झाली आणि तिचा निम्मा भाग बैलबाजारात गेला. तिथं व्यापारी चारचौघांत भाव बोलत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. ती रीत डॉक्टरांनी उचलली आणि सरळ टेनिस कोर्टावर आणून ठेवली. का, तर म्हणे, "तिच्यासमोर तिची निंदा कशाला करायची? उद्या तुमच्याच हातात नांदायचंय तिला." 

हे टेनिससुद्धा त्यांना जनावरामुळंच लागलं. कोणे एके काळी इथल्या एका बड्या साहेबांचा कुत्रा आजारी पडला. डॉक्टर सुई टोचायला बंगल्यावर गेले. बंगल्यामागच्या मुरमाच्या कोर्टावर साहेब दोघा मित्रांना घेऊन चौथ्या गड्याची वाट बघत बसले होते. चौथा काही आला नाही. साहेबांनी डॉक्टरांच्या हातात रॅकेट दिली आणि उभं राहा म्हणाले. कुत्रा बरा झाला की नाही ते मला ठाऊक नाही, पण डॉक्टर कायमचे बिघडले. पुढं त्यांचा खेळ असा बसला, की त्यांचा बॅकहँड परतवेल असा माणूस जिल्ह्यात शोधावा लागायचा, असं जुने लोक अजून सांगतात. आता गुडघ्यांनी संप केलाय. त्यामुळं ते खेळत नाहीत, पारखतात.

पारखायचं म्हणजे काय, ते ऐका. पहिल्या सकाळी चेंडूच नाही. रॅकेट बाकावर ठेवायची आणि डॉक्टर तिच्याभोवती फिरणार. मग तुम्ही ती हात लांब करून धरायची आणि ते सांगेपर्यंत तशीच धरून उभं राहायचं. "वजन तराजूला कळत न्हाय वो, मनगटाला कळतंय. काही मागं बसतेत, काही पुढं ओढतेत. पुढं ओढणारी असली की नेटजवळ घात करणार." दुसऱ्या सकाळी खेळायचं. आधी नेटजवळ हलके चेंडू, मग मागच्या रेषेवरून जोरात, मग सर्व्हिस. तिसऱ्या सकाळी खरी परीक्षा. त्या दिवशी चेंडू मुद्दाम चुकीचा मारायचा, तारांच्या मधोमध न घेता कडेला घ्यायचा. "नेमका मार तर पाटानं बी बसतोय. चुकला तर ही काय करती, ते बघू द्या. हातात फिरती, का सावरती?"

शिकाऊ माणसाची रॅकेट ते हातातसुद्धा धरत नाहीत. "त्याला कुठलीबी चालतीय. चेंडू भायेर गेला तर खोट त्याची का रॅकेटची, देवालाबी कळायचं न्हाय. चांगल्या खेळाडूचं तसं नसतंय. त्याचा मार ठरलेला असतोय, मग रॅकेटची खोट लपत न्हाय." हे मात्र खरं. माझ्या रॅकेटबद्दल ते म्हणाले होते, ही दमलेल्या हाताला दगा देणार. तिसऱ्या सेटला मला ते अगदी तंतोतंत पटतं. मी गुमान हरतो आणि घरी येतो.

एवढ्यावर भागत नाही. चाचणीनंतर रोज सकाळी डॉक्टरांचा फोन येतो आणि त्यात एकच प्रश्न असतो: कोपर काय म्हणायलंय? नमस्कार नाही, चमत्कार नाही. एकदा मी आंघोळीला गेलो असताना फोन बायकोनं घेतला. मी बाहेर आलो तर म्हणाली, "कोरे डॉक्टर विचारत होते, कोपर काय म्हणतायत. कोण आहेत हो हे कोपर, तुमचे अशील का?" मी डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. उलट म्हणाले, "ते ठीक हाय, पण तुम्ही उत्तर दिलं न्हाय. चहाचा कप उचलताना दुखतंय का?" मला आधी वाटायचं, म्हाताऱ्याला काही उद्योग नाही.

तर अशी ही कडक परीक्षा. आणि निकाल काय लागावा? दोन बोटं, कायम दोनच. मी क्लबात आल्यापासून एकाही रॅकेटला डॉक्टरांनी तिसरं बोट दाबलेलं नाही. आमच्या क्लबात यच्चयावत सगळे नापास रॅकेटनं खेळतात. आमच्या न्यायालयात तारखांवर तारखा पडतात, लोक कावतात, पण तिथं कधीतरी एखादा सुटतो तरी. डॉक्टरांच्या दरबारात कुणी म्हणजे कुणी सुटलं नव्हतं.

यंदा संक्रांतीनंतर वैष्णवी आली. तेर गावच्या शेतकऱ्याची मुलगी, इथं बँकेत नोकरीला. विद्यापीठाकडून खेळलेली, आमच्यात तिच्यासमोर उभं राहणारं कुणी नाही, मी तर नाहीच नाही. बँकांच्या स्पर्धेसाठी तिची पुण्याला निवड झाली आणि नेमकी जुनी रॅकेट गळ्याशी चिरली. सोलापूरच्या दुकानदारानं ओळखीवर एक नवी वापरून बघायला दिली होती, शनिवारपर्यंत. पोरीला ती फार आवडली होती, पण पुण्याला नवी रॅकेट घेऊन उतरायचं म्हणजे मनात धाकधूक. ती डॉक्टरांना म्हणाली, "काका, सगळे म्हणतात तुम्ही हो म्हणतच नाही. मला नुसतं भ्या वाटायलंय. तुम्ही एकदा हो म्हणा, मग मी बिनघोर खेळते."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. एरवी नवी रॅकेट दिसली की माणूस खुलतो, पण त्या दिवशी त्यांनी तिच्याभोवती फेऱ्यासुद्धा मारल्या नाहीत. "बघू," म्हणाले.

दुसऱ्या सकाळी वैष्णवी खेळायला लागली. समोर आमचे तिघे आळीपाळीनं. चेंडू असा सणसणत जात होता की फक्कीच्या रेषेवर पडून पांढरा धूर उडायचा. आम्ही दोघं बाकावर. मी म्हणालो, "डॉक्टर, हिला तरी पाच बोटं द्या. असली रॅकेट मी बघितली नाही." डॉक्टर कोर्टाकडं बघत म्हणाले, "म्या बघितलीय. अशीच व्हती. म्याच पास केली व्हती."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी शुभांगी याच कोर्टावर वाढली. राज्य पातळीवर खेळायला लागली तेव्हा तिच्यासाठी डॉक्टरांनी पुण्याहून रॅकेट निवडून आणली. कडक चौकट, कडक तारा, मार बंदुकीसारखा. पाचही बोटं दिली तिला. शुभांगी भराभरा जिंकायला लागली. थोड्या दिवसांनी म्हणाली, पप्पा, कोपर दुखायलंय.

"मी काय म्हणलो असंल सांगा?" डॉक्टरांनी मला विचारलं. "म्हणलो, रॅकेट माझी पारखलेली हाय, तिच्यात खोट न्हाय. तुझा हात उशिरा यायलाय, तू मार सुधार. दुसऱ्यांदा म्हणली, तवाबी तेच सांगितलं. लई अभिमान वो माझा मलाच. ती गप झाली. पट्टी बांधून खेळली सगळा हंगाम. शेवटी हात असा गेला की तांब्या उचलंना. सुटलं टेनिस."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला. 

"मुकी जनावरं काय म्हणतेत ते जन्मभर कळलं मला. शेपटीवरून कळायचं, कानावरून कळायचं. घरातली पोरगी तोंडानं सांगायली, ते ऐकलं न्हाय. आता नांदेडला असती. दोन लेकरं हायत. सणाला येती, हसती, बोलती. त्या हाताचं एका शब्दानं काढत न्हाय. तिनं भांडायला पायजे व्हतं माझ्यासंगट."

"मग तुम्ही काढा की विषय. विचारा, हात कसा आहे."

"न्हाय इचारलं. कधीच न्हाय." ते टॉवेलची घडी घालत बसले. मला एकदम माझ्या बायकोनं घेतलेला तो फोन आठवला आणि फार वाईट वाटलं. हा माणूस रोज सकाळी आम्हा साऱ्या गावाला तो प्रश्न विचारत होता आणि आम्ही त्याची टिंगल करत होतो. कोर्टावर तोवर वैष्णवीनं तिघांनाही पळवून पळवून बेजार केलं होतं.

शुक्रवारी तिचे मुद्दाम चुकीचे चेंडू मारून झाले. शनिवारी सकाळी निकाल. संध्याकाळच्या आत सोलापूरला रॅकेट परत करायची किंवा घेतली म्हणून कळवायचं. वैष्णवी बाकावर येऊन बसली आणि टॉवेलसाठी हात पुढं केला. डॉक्टरांनी टॉवेल टाकला नाही. तिचं कोपर हातात घेतलं, अंगठ्यानं हाडाच्या कडेकडेनं दाबत गेले आणि म्हणाले, "बाई, आता तू सांगायचं. खरं सांग. रॅकेट आवडली म्हणून झाकू नको. दुखतंय?"

"नाही काका."

"केस विंचरताना? गाडीला किक मारून हँडल ओढताना?"

"खांदा भरून आलाय थोडा. कोपर नाही दुखत. आणि दुखलं तर मी गप बसणारी हाय का?" ती हसली. "आईला विचारा, घरी मी सगळ्यांना ऐकवते."

डॉक्टरांनी तिचं कोपर सोडलं. मग त्यांनी तोंड उघडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "घे. तारा तेवढ्या जरा सैल ओढून घे. आणि दुखलं की त्या दिवशी बंद करायचं. माझं ऐकायचं न्हाय, कुणाचंच ऐकायचं न्हाय." क्लबातली मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. वैष्णवी त्यांच्या पाया पडली आणि स्कूटी घेऊन गेली. डॉक्टरांनी टॉवेलनं स्वतःचं तोंड पुसलं.

मला राहवेना. म्हणालो, "डॉक्टर, आता लावा फोन नांदेडला. आजच्या आज विचारून टाका. पुरे झाल्या तारखा."

"इतक्या वर्सांनी?"

"इतक्या वर्षांनीच."

त्यांना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो आणि सगळ्या क्लबाला ऐकू येतो. शुभांगीनं लगेच उचलला. "पप्पा? एवढ्या सकाळी? बरे हाव ना?"

"बरा हाय. पाऊस हाय का तिकडं?"

"जानेवारीत?"

"न्हाय, आपलं इचारलं." मग त्यांनी लेकरांची परीक्षा विचारली. नळाला पाणी कधी येतं ते विचारलं. जावयांची गाडी दुरुस्त झाली का ते विचारलं. मी खुणेनं सारखा माझ्या कोपराला हात लावून दाखवत होतो. डॉक्टरांनी माझ्याकडं पाठ केली.

"शुभे," ते म्हणाले, "तुझा हात..."

"काय पप्पा?"

डॉक्टर खाकरले. म्हणाले, "हातपाय धुऊन जेवत जा म्हणावं लेकरांना. साथ हाय सगळीकडं."

"बरं, सांगते. पप्पा, ठेवू का? डब्याची घाई आहे, कणीक मळायलेय मी."

"मळ, मळ," डॉक्टर म्हणाले, आणि फोन बंद झाला.

ते बाकावर बसले. कोर्टावर पुढची जोडी उतरली होती, नेट ताणत होती. तिकडं बघत म्हणाले, "वकीलसाहेब, कणीक मळायला कोपरात जोर लागतोय की न्हाय?"

"लागतो की. चांगला लागतो."

"दोन्ही हातांनी मळत असंल का वो?"

"दोन्ही हातांनीच मळतात, डॉक्टर."

"व्हय," ते म्हणाले. आणि माझ्याकडं वळले. "मग फोन कुठल्या हातात व्हता?"